जोडीची चिठ्ठी

सोमवारी दुपारी सभागृह उठल्यावर व्हर्नाबाई आमच्या खोलीत आल्या आणि कोटही न काढता खुर्चीच्या कडेवर टेकल्या. बुटांना चिकटलेला बर्फ वितळून गालिच्यावर दोन काळपट डाग पडले.

“एनारला आता घरी सोडणार नाहीत,” त्या आपल्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, आठवडे नाहीत, दिवस मोजा.”

लोवेल टॉरविक, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते ते सिनेटर, चष्मा काढून त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग तू अजून इथे काय करतेयस?”

“शुक्रवारी तुझ्या विधेयकावर मतदान आहे.”

“चुलीत घाल विधेयक.”

“हे तू म्हणतोयस? ब्रिटा, लिहून ठेव गं. तारीख आणि वेळ घालून लिही. नुसतं मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

ब्रिटा म्हणजे मी. मी मुळात भूजल शिकलेली. विहिरींच्या पातळ्या मोजायच्या, त्यांचे आलेख काढायचे, हे माझं काम. त्या वर्षी पाण्यासंबंधी बरीच विधेयकं येणार होती म्हणून साहेबांनी मला एका अधिवेशनापुरतं घेतलं होतं. राजकारणातलं मला काही कळत नव्हतं. ते म्हणाले होते, तेच बरं आहे.

साहेब रिपब्लिकन, व्हर्नाबाई डेमोक्रॅट. सभागृहात दोन पक्षांच्या मधून एक वाट जाते आणि गेली सव्वीस वर्षं त्या वाटेच्या दोन बाजूंना हे दोघं बसत होते, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर. भाषणात एकमेकांची सालटी काढायची आणि मंगळवारी चर्चच्या तळघरात वाटाण्याचं सूप प्यायला एकत्र जायचं, असा त्यांचा रिवाज होता. साहेबांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून अधिवेशनाच्या चार महिन्यांत ते शनिवार-रविवारीही गावी जात नसत. हायवेवरच्या एका मोटेलात खोली घेऊन राहत. मंगळवारचं सूप सोडलं तर मी त्यांना कुणाबरोबर जेवताना पाहिलं नव्हतं.

आता विधेयकाबद्दल. आमच्या राज्यात सगळ्या सरकारी मंडळांवर, म्हणजे पाणी, रस्ते, तुरुंग, निवडणुका, माणसं नेमायचा अधिकार एकट्या गव्हर्नरकडे आहे. साहेबांचं म्हणणं, एका माणसाच्या हातात एवढं असू नये. नेमणूक गव्हर्नरने करावी, पण सिनेटने ती मान्य करावी. सात वर्षांपूर्वी त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं. तेव्हा गव्हर्नर त्यांच्याच पक्षाचा होता, आणि त्यांच्याच पक्षाने विधेयक खुंटीला टांगलं. व्हर्नाबाईंनी तेव्हा बाजूने मत दिलं होतं. नंतर गव्हर्नर डेमोक्रॅट आला आणि सगळं उलटं झालं. साहेबांच्या पक्षाला विधेयक एकदम लाडकं झालं आणि व्हर्नाबाई विरोधात गेल्या. विधेयकातला एकही शब्द बदलला नव्हता. बदलले नव्हते ते फक्त साहेब.

जानेवारीत विधेयक मंजूर झालं, फेब्रुवारीत गव्हर्नरने नकाराधिकार वापरून परत पाठवलं. तो नकार उलटवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. खालच्या सभागृहात ती मिळाली होती. सिनेटमध्ये आम्ही पस्तीस जण. पस्तीसचे दोन तृतीयांश म्हणजे चोवीस. आमचे तेवीस होते, त्यांचे बारा. एक मत कमी. महिनाभर त्या इमारतीत चोवीस हा एकच आकडा लोकांच्या तोंडी होता. कॅन्टीनमधली बाईसुद्धा सुट्टे पैसे देताना विचारायची, “काय, मिळाला का चोविसावा?”

“मी शुक्रवारी नसले,” व्हर्नाबाई म्हणाल्या, “तर आमचे अकराच राहतील. आमचा नेता म्हणतो, शुक्रवारचं मतदान करून मग जा. तो बिचारा चांगला आहे. पण त्याला काय कळणार, तो एकतीस वर्षांचा आहे.”

साहेबांनी टेबलाचा खण उघडला आणि एक फिकट निळी चिठ्ठी काढली. मी ती पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्या सिनेटमध्ये एक जुनी पद्धत आहे, तिला जोडी म्हणतात. एका पक्षाच्या माणसाला घरच्या अडचणीमुळे येता येत नसेल, तर दुसऱ्या पक्षाच्या एकाने त्याच्याशी जोडी करायची. म्हणजे आपण हजर राहायचं, पण मत द्यायचं नाही. इकडचा एक गेला, तिकडचा एक गप्प बसला, म्हणजे तोल राहिला. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या करून ती सिनेटच्या सचिवाकडे द्यायची. कायद्यात याला काही आधार नाही. ती मोडली तर शिक्षाही नाही. नुसता शब्द असतो.

“स्वतःच्या विधेयकावर जोडी करतोस?” व्हर्नाबाई म्हणाल्या. “वेडा आहेस का?”

“जोडीचा नियम असा कुठे आहे की परक्याच्याच विधेयकावर करावी? सही कर.”

“लोवेल, सात वर्षं.”

“तू इथे असतीस तर ते पडलं असतं. तू नाहीस म्हणून पास झालं, असं मला नको. तुझ्या नसण्याने निकाल बदलणार नाही, हा माझा शब्द. आता सही कर आणि गाडी काळजीपूर्वक चालव. नदीच्या पुढे रस्ता निसरडा आहे.”

त्यांनी सही केली. जाताना साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, तोही क्षणभरच. आमच्याकडची माणसं याहून जास्त काही करत नाहीत. हॉस्पिटलपर्यंत तीनशे मैलांचा रस्ता होता.

चिठ्ठी द्यायच्या आधी पक्षाच्या नेत्याला कळवायची रीत आहे, म्हणून आम्ही दोघं ग्रँट मॉलिनच्या खोलीत गेलो. मॉलिन त्रेचाळीस वर्षांचा, नीटनेटका. त्याच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांचं भांडं कायम भरलेलं असे. आता आरडाओरडा होणार म्हणून मी दाराजवळच उभी राहिले.

मॉलिनने चिठ्ठी वाचली. एकदा, सावकाश. मग भांडं आमच्याकडे सरकवलं.

“तुमचा शब्द आहे ना? मग पाळा. अशा वेळी मी मध्ये पडणं बरं दिसणार नाही.” आणि मग, “एनारला माझा नमस्कार सांगा.”

“बघ,” परत येताना साहेब म्हणाले, “वाटतो तितका वाईट नाही तो.”

मला मात्र ते खटकलं. एक मत कमी असलेला माणूस आणखी एक मत हातचं सोडतो, तेही जराही घासाघीस न करता? विहिरीची पातळी पाऊस नसताना वर आली, तर आम्ही आनंद मानत नाही, आधी मोजपट्टी तपासतो.

बुधवारी मी कागद घेऊन बसले. राज्यघटनेतलं वाक्य मी तोवर कोणी सांगितलेलंच ऐकलं होतं. आता मूळ वाचलं. तिथे “एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश” असं नव्हतं. “हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश” असं होतं. म्हणजे चोवीस हा आकडा पक्का नव्हताच. पस्तीस जणांनी मत दिलं तरच चोवीस. मत देणारे कमी झाले की तोही खाली येणार, म्हणूनच त्यांच्या नेत्याला व्हर्नाबाई शुक्रवारी हव्या होत्या.

व्हर्नाबाई नाहीत, म्हणजे विरोधात अकरा. साहेब गप्प, म्हणजे बाजूने बावीस. मत देणारे एकूण तेहतीस. तेहतीसचे दोन तृतीयांश बावीस.

बरोबर बावीस.

मी ते तीनदा केलं. तीन वेळा तेच आलं. दोघंही मत देतात तेव्हा विधेयक एका मताने पडतं, आणि दोघंही देत नाहीत तेव्हा नेमकं पास होतं. साध्या बहुमताला एकास एक जोडी चालते, कारण तिथे एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ यांचं वजन सारखं असतं. दोन तृतीयांशाच्या मतदानात एक ‘नाही’ दोन ‘हो’ अडवून धरतो. तिथे एका ‘नाही’समोर दोन ‘हो’ बसवावे लागतात, तरच तोल राहतो.

मला वाटलं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आलीच नसेल असं होणार नाही. मी सचिवबाईंकडे गेले. ओपल त्यांचं नाव, छत्तीस वर्षं नोकरी. त्यांनी मला तळघरातल्या लाल बांधणीच्या कार्यवृत्तांकडे पाठवलं. साठ वर्षांपूर्वीच्या एका खंडात सापडलं. नकाराधिकारावरचं मतदान, आणि खाली लिहिलेलं: अमुक आणि तमुक, दोघे बाजूने, यांची जोडी फलाण्याशी, एक विरोधात. तेव्हाच्या लोकांना माहीत होतं. मग पन्नास वर्षं नकार उलटवायची वेळच फारशी आली नाही, आणि माहीत असलेली माणसं गेली.

“अरे देवा,” ओपलबाई पान बघून म्हणाल्या. “मी निळी चिठ्ठी शिक्का मारून घेतलीसुद्धा.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सांगणार आहेस त्याला?”

खरं तर त्या क्षणापर्यंत मी सांगायचं की नाही असा विचारच केला नव्हता. चूक सापडली की ती सांगायची, एवढंच मला शिकवलेलं होतं.

गुरुवारी सकाळी मी साहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतः मांडून पाहिलं. त्यांना वेळ लागला. मग पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे मी गप्प बसलो तरी पास.”

“हो.”

“आणि व्हर्ना इथे असती तर?”

“पडलं असतं. एका मताने.”

“मॉलिनला माहीत होतं.”

“मला तसं वाटतं, साहेब.”

ते हसले. “आणि मी म्हणालो, वाटतो तितका वाईट नाही. सव्वीस वर्षांत नऊ वेळा जोडी केली मी. नऊही वेळा एकास एक. कधी मोजलं नाही.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये बर्फ उपसणारी गाडी मागेपुढे करत होती. “चिठ्ठीवर काय लिहिलंय गं?”

“मी मत देणार नाही, एवढंच.”

“मग मी नाही दिलं, तर चिठ्ठी पाळली.”

मी कागदाची घडी घालू लागले.

“आणि तिला मी काय म्हणालो होतो? तू होतीस ना तिथे.”

“तुझ्या नसण्याने निकाल बदलणार नाही, असं म्हणाला होतात.”

“तू जरा कमी लक्ष देऊन ऐकत जा,” ते म्हणाले.

मी सुचवलं, व्हर्नाबाईंना फोन करून खरं काय ते सांगू.

“सांगितलं तर काय होईल? एक तर ती म्हणेल, जाऊ दे लोवेल. म्हणजे मी शब्द दिला आणि तिलाच मोडायला लावला. नाहीतर ती गाडी काढेल, पाच तास इकडे, पाच तास तिकडे. तेवढ्या वेळात एनार गेला तर?”

“मग त्यांच्या पक्षाला सांगू. ते काहीतरी मार्ग काढतील.”

“ते पहिला फोन तिलाच करतील.” ते उठले आणि कोट घातला. “दोन लागतात ना? मग दुसरा शोधू. माझ्याखेरीज बावीस जण आहेत. एक तरी भेटेल.”

गुरुवारचा सगळा दिवस ते एकेकाच्या दारात गेले. मी मागे वही घेऊन. वहीची गरज नव्हती, पण मला हातात काहीतरी हवं होतं. कोणी म्हणालं, मतदारसंघात काय सांगू. कोणी म्हणालं, पक्ष तिकीट देणार नाही. एक जण फोनवर असल्याचं नाटक करत राहिला, फोनचा दिवा लागलेला नसताना.

शेवटी आर्लो फेन्स्के उरले. साहेबांचे वीस वर्षांचे मित्र, बदकांच्या शिकारीला एकाच होडीत जाणारे. ते कॅन्टीनमध्ये बटाट्याच्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांस-बटाट्याची, भरलेली बशी घेऊन बसले होते.

“बस की,” ते म्हणाले. “तोंड असं का? कोणी मेलं का?”

“अजून नाही,” साहेब म्हणाले, आणि सगळं सांगितलं. आर्लो ऐकता ऐकता जेवत राहिले. मग काटा थांबला.

“थांब. तुझं स्वतःचं विधेयक पाडायला तुला माझी मदत हवीय?”

“पाडायला नाही. जिथे होतं तिथे ठेवायला.”

“ते एकच झालं रे, लोवेल. सात वर्षं तू आमचं डोकं खाल्लंस. होडीत बसलो तरी तेच. बदकंसुद्धा कंटाळून उडून गेली. आता ते पास होतंय, आणि तुला ते नको?”

“हवंय. असं नको.”

“असं म्हणजे कसं? कायद्यात बसतंय. चिठ्ठीत बसतंय.”

“व्हर्नाला दिलेल्या शब्दात बसत नाही.”

आर्लोंनी तोंड पुसलं. “बघ, मला व्हर्ना आवडते. एनारबरोबर मी पत्ते खेळलोय. पण तो शब्द तू दिलास. मी नाही.” मग जरा खालच्या आवाजात, “मॉलिनने माझ्या मतदारसंघातल्या पुलाचे पैसे अंदाजपत्रकात धरलेत. चार वर्षांनी. तू समजून घे.”

“घेतलं,” साहेब म्हणाले. ते खरंच समजून घेतल्यासारखे म्हणाले, रागावून नाही. आर्लोंनी उरलेली हॉटडिश तशीच ठेवली, एवढंच.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा मॉलिनकडे गेलो. साहेबांनी मतदान सोमवारवर ढकलायला सांगितलं.

“सोमवारी बाई परत आल्या तर?” मॉलिन म्हणाला.

“नवरा मरतोय तिचा, ग्रँट.”

“माहीत आहे. म्हणूनच शुक्रवार.” हे म्हणताना तो ओशाळला, तसं मला वाटलं, पण नक्की सांगता येणार नाही. “साहेब, मी तुम्हाला फसवलेलं नाही. तुम्ही चिठ्ठी आणलीत, मी वाचली, हो म्हणालो. शाळेत माझं गणित बरं होतं, हा काही गुन्हा नाही. चिठ्ठीत आहे तेवढं पाळा. गप्प बसा. चार वाजता तुमच्या नावाचा कायदा झालेला असेल. शंभर वर्षं राहील. कोणीही तुम्हाला नावं ठेवणार नाही.”

“खरंय,” साहेब म्हणाले. “कोणालाच कळणार नाही.”

दुपारी दोनला सभागृह भरलं. साहेब आधी सचिवांच्या टेबलाशी गेले आणि निळी चिठ्ठी परत मागून घेतली. ओपलबाईंनी ती काही न विचारता दिली. माझ्याकडे मात्र त्यांनी असं पाहिलं की मी नजर फिरवली. मी भिंतीलगतच्या बाकावर, कर्मचारी बसतात तिथे. व्हर्नाबाईंची खुर्ची मोकळी होती, पाठीवर त्यांची लोकरीची शाल राहिलेली.

नावं पुकारायला सुरुवात झाली. मतदान चालू असताना भाषण करायचं नाही, हो किंवा नाही एवढंच म्हणायचं, हा नियम. नावं इंग्रजी वर्णक्रमाने येतात, त्यामुळे टॉरविक जवळजवळ शेवटी. फलकावर हिरवे आणि लाल दिवे लागत गेले. आर्लोंनी “हो” म्हणताना टेबलाकडे पाहिलं. साहेबांचं नाव आलं तेव्हा वीस हिरवे होते आणि अकरा लाल, आणि त्यांच्यानंतर आमचेच दोघं राहिले होते. माझं डोकं आपोआप मांडत होतं. ते गप्प बसले तर बावीस आणि अकरा.

“सिनेटर टॉरविक.”

ते उभे राहिले. बसून म्हटलं तरी चालतं.

“नाही.”

ओपलबाईंनी विचारलं, “पुन्हा सांगता?” त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही.

“नाही.”

पुढची दोन नावं झाली आणि सभापतींनी आकडे वाचले. बाजूने बावीस, विरोधात बारा. चौतीसला तेवीस लागतात. एका मताने पडलं, जसं व्हर्नाबाई असत्या तर पडलं असतं, अगदी तसंच. समोरच्या बाजूचा एकतीस वर्षांचा नेता साहेबांकडे बघत राहिला, त्याला टाळ्या वाजवाव्यात की काय करावं ते कळत नव्हतं. मॉलिन कागद गोळा करून बाहेर गेला.

त्यानंतरचा तास फोनचा होता. गावाकडची माणसं, देणगीदार, साहेबांना पहिल्या निवडणुकीत दारोदार घेऊन फिरलेली एक म्हातारी. ती मला म्हणाली, “त्याला सांग, मी त्याचा फोटो भिंतीवरून काढलाय,” आणि मग फोन न ठेवता तशीच श्वास घेत राहिली. वार्ताहर दारात जमले. साहेबांनी त्यांना एकच वाक्य दिलं: मला जे योग्य वाटलं ते मी केलं. एकाने विचारलं, मत बदललं का? ते म्हणाले, दुसरं काही सांगायचं नाही.

दार लावल्यावर मी म्हणाले, “मी सांगते त्यांना. गणित दाखवते. पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल तुम्ही का केलंत.”

“आणि उद्या ते व्हर्नाच्या गावच्या पेपरात येईल. हॉस्पिटलच्या खोलीत बसून ती वाचेल की तिच्यापायी माझं विधेयक गेलं. नको. तू कुणाला काही सांगायचं नाहीस. ओपलला मी बोललोय.”

“पण लोक म्हणतील तुम्ही विकले गेलात.”

“म्हणू देत.”

मी कागदांची उगाच उलथापालथ करत राहिले. चारच्या सुमाराला इमारत रिकामी होऊ लागली. शुक्रवारी सगळे गाडीने घरी जातात. दारावरून पावलं जात होती आणि आमच्या दाराशी आल्यावर त्यांचा वेग वाढत होता. आर्लोंचा खोकला मी ओळखते. तोही तसाच पुढे गेला.

मग व्हर्नाबाईंचा फोन आला. साहेबांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावतात. मी उठून बाहेर जाऊ लागले, त्यांनी हाताने बस म्हटलं.

“लोवेल! रेडिओवर ऐकलं.” आवाज थकलेला होता, पण त्यात काहीतरी जागं झालं होतं. “मला वाटलं नावात चूक झाली. नर्सला विचारलं, टॉरविकच म्हणाले ना?”

“एनार कसा आहे?”

“झोपलाय. दुपारी जागा होता तेव्हा सांगितलं त्याला. हसला. किती दिवसांनी हसला माहीत आहे? म्हणाला, त्या गाढवाला शेवटी अक्कल आली.”

“उशिराच आली.”

“थट्टा नको करूस. खरं सांग.” क्षणभर नुसती यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, तिकडच्या खोलीतलं. “तू माझी कीव करून केलंस का हे? एनारसाठी? तसं असेल तर मला सहन होणार नाही, लोवेल. आत्ता नाही. मला इथे आधीच सगळे कीव करून बोलतायत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर एकाच जागी मागेपुढे फिरत होता.

“कीव? तुझी? सव्वीस वर्षांत कधी केली का मी?”

“नाही केलीस. तेवढं खरं.”

“मग. मला पटलं. तू म्हणत होतीस ते पटलं. एवढंच.”

“खरंच?”

“खरंच.”

त्या रडत असाव्यात. मग नाक ओढून म्हणाल्या, “इतकी वर्षं डोकं फोडलं मी तुझ्यापुढे. मग आता पुढच्या वर्षी तेच बाड पुन्हा घेऊन येणार नाहीस ना? मी एकटी असेन तेव्हा. पुन्हा तुझ्याशी तेच भांडायचं माझ्यात बळ नाही राहायचं.”

टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात विधेयकाची फाइल होती. सात वर्षांची, हाताळून कडा झिजलेली, पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात तारखा. साहेब त्या फाइलकडे बघत होते असं मी म्हणणार नाही. ते कुठेच बघत नव्हते.

“नाही आणणार,” ते म्हणाले.

“शब्द?”

ते किती वेळ थांबले ते मी मोजलं नाही. सगळं मोजायची सवय असून तेवढं मला मोजता आलं नाही.

“शब्द,” ते म्हणाले. “जा, त्याच्याजवळ बस.”

फोन बंद झाला. बाहेर कोणाचीच पावलं उरली नव्हती. मला म्हणायचं होतं, मी तो कागद तुमच्यापुढे ठेवायला नको होता. पण ते म्हटलं असतं तर त्यांना माझी समजूत घालावी लागली असती, आणि त्यांनी ती घातली असती.

“चल, घरी जा तू,” ते म्हणाले. “अंधाराच्या आत पोच. नदीच्या पुढे निसरडं आहे.”

“तुम्ही?”

“मी बसतो जरा.”

मी कोट घेतला आणि निघाले. मंगळवारी चर्चच्या तळघरात मी त्यांच्याबरोबर जाईन असं जिन्यावर ठरवलं. मग लक्षात आलं की ते मला बोलवणार नाहीत, आणि मी आपणहून गेले तर तेसुद्धा कीव केल्यासारखंच दिसेल.